दहातले सात

ओव्हाळांनी खिशातला रुमाल काढला, मॉनिटरवर तोंडाची वाफ सोडली आणि तिथे उमटलेला तेलकट अंगठा पुसायला घेतला. अंगठा नेमका फोटोतल्या फ्यूजच्या तोंडावर होता. आदल्या दिवशी ते घरी गेल्यावर त्यांच्या टेबलाशी बसून कुणीतरी भेळ हाणली होती. कीबोर्डच्या फटींत शेव, माउसला चिंचेची चटणी आणि कांद्याचा तो शिळा वास एसीत अडकून बसलेला. शी! गळ्यात ओळखपत्राचे पट्टे घालून इंग्रजीत हसणारी ही पोरं, पण खाल्ल्यावर हात धुवायला म्हणून उठवत नाही यांना. त्यांनी रुमालाची ती बाजू आत घडी केली आणि तो खिशात न घालता टेबलाच्या कडेला ठेवला.

अंगठा गेला, तरी आकडा दिसेना. फोटो जुना, काळापांढरा. दगडाच्या खाणीत कुशीवर पडलेला अडीचशे किलोचा जर्मन बॉम्ब आणि त्याच्या अंगात शेजारीशेजारी बसवलेले दोन फ्यूज, म्हणजे बॉम्ब फोडणाऱ्या कळा. अशा फ्यूजच्या तोंडावर वर्तुळात एक आकडा ठोकलेला असतो. त्यावरून आत काय दडलंय ते कळतं. इथे पहिल्या वर्तुळात एक हा आकडा दिसत होता आणि त्याच्यापुढे चिखल. दुसऱ्या वर्तुळावर नुसताच चिखल. खालच्या रकान्यात मात्र हिरव्यागार अक्षरांत लिहिलं होतं: पंधरा. आणि त्याच्याखाली: तपासणारा, आर. ओव्हाळ.

ओव्हाळांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. हा फोटो त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

फोटोबरोबर एक मेल होता. चेतननं, म्हणजे त्यांच्या टीम लीडरनं, तो सकाळी त्यांच्याकडे ढकलला होता. लिहिणारा ब्रँट नावाचा माणूस. दुसऱ्या महायुद्धात पडलेले आणि न फुटलेले बॉम्ब युरोपात अजूनही शेतांतून, खाणींतून निघतात. ते निकामी करणाऱ्या एका संस्थेत हा ब्रँट होता. त्यानं लिहिलं होतं की, तीस वर्षांपूर्वी या बॉम्बचा फोटो काढून जागा बुजवली होती. आता खाण पुन्हा चालू व्हायची आहे, म्हणून तो उघडा केलाय आणि आज सकाळी मी त्याच्यापाशी जाणार आहे. मिस्टर ओव्हाळांनी आकडा पंधरा वाचलाय. त्यांच्या नजरेबद्दल मला आदर आहे. एकच विचारतो, चिखलाखालचं त्यांना दिसलं कसं?

ओव्हाळांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेनऊ. तिकडे जेमतेम उजाडत असेल. ते उठले आणि थेट चेतनच्या केबिनमध्ये गेले.

"याला आत्ताच्या आत्ता कळवा, हात लावू नकोस म्हणून."

चेतन एकोणतीस वर्षांचा होता आणि सकाळी कुणी घाई केली की त्याला आवडत नसे. "सर, बसा ना. पाणी घ्या. मी ड्राफ्ट करतो, मग मॅनेजर बघतील, मग जाईल. डायरेक्ट क्लायंटला लिहिलं की उगाच वरपर्यंत एस्कलेशन होतं."

"पंधरा म्हणजे काय, ठाऊक आहे?"

"इम्पॅक्ट. तुम्हीच शिकवलंय."

"आदळल्यावर फुटणारा. नाही फुटला तर बहुतेक मेलेला. माणूस त्याच्याशी त्या हिशोबानं वागतो. आणि सतरा?"

चेतननं खांदे उडवले.

"सतरात घड्याळ असतं. बंद पडलेलं. धक्का बसला की पुन्हा चालू होतं. दोन फ्यूज शेजारीशेजारी असले आणि पहिला सतरा निघाला, तर दुसरा पन्नास असायची भीती असते. हा पन्नास कशासाठी बसवायचे? तर जो बॉम्ब निकामी करायला येईल, त्याला मारण्यासाठी. तुमचे मॅनेजर दुपारी जेवून येतात ना? तोवर हा माणूस तिथे गुडघे टेकून बसलेला असेल."

चेतनचा चेहरा उतरला. त्यानं मेल उघडला. ओव्हाळ त्याच्या खांद्यामागे उभे राहिले आणि एकेक वाक्य सांगू लागले. आकडा दिसत नाही. पंधरा धरू नये. सतरा आणि पन्नास आहेत असं समजूनच वागावं. शेवटी त्यांनी आपला याहूचा पत्ता घालायला लावला आणि मेल गेलेला डोळ्यांनी पाहिल्यावरच ते केबिनच्या बाहेर आले.

बाहेर आले, पण अंगात उठलेला संताप काही खाली बसेना. आपलं नाव तिथे गेलं कसं?

ब्रँटच्या संस्थेचे चाळीस हजार फोटो कॉम्प्युटरवर चढवायचं हे काम नगर रस्त्यावरच्या या काचेच्या इमारतीत येऊन आठ महिने झाले होते. पोरं बी.कॉम., बी.सी.ए. झालेली. बॉम्ब कशाशी खातात, हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. म्हणून क्लायंटनं अट घातली की एक जाणकार माणूस ठेवा, आणि कंपनीनं येरवड्यात शोधत येऊन रामदास ओव्हाळांचं दार वाजवलं. ओव्हाळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून तपासनीस म्हणून रिटायर झालेले. उमेदवारीच्या दिवसांत तिथल्या एका कपाटात इंग्रजांनी ठेवून दिलेले, आतून रिकामे केलेले जर्मन फ्यूज होते. जयसिंग नावाचे त्यांचे जुने उस्ताद डोळे मिटून, बोटांनी चाचपून ते ओळखायला लावायचे. चौतीस वर्षांत कुणी त्यातलं एक अक्षर विचारलं नाही. आणि आता त्रेसष्टाव्या वर्षी गळ्यात पट्टा अडकवून म्हणे एक्स्पर्ट.

कामाची रीत सरळ होती. एकच फोटो दोन पोरांकडे जायचा. दोघांनी एकमेकांना न विचारता फॉर्म भरायचा. दोघांचं जुळलं तर नोंद हिरवी होऊन क्लायंटकडे जायची. नाही जुळलं तर ती ओव्हाळांच्या पुढ्यात येऊन पडायची. सुरुवातीला दिवसाला दीडदोनशे यायच्या. कुणाला फुलपाखरासारखे पंख असलेला चिमुकला बॉम्ब दिव्याची शेड वाटायचा, कुणी काँक्रीटचं अंग असलेल्या बॉम्बला ड्रेनेजचा पाइप म्हणायचं. ओव्हाळ वैतागायचे, पण समजावून सांगायचे. हळूहळू ओघ कमी झाला. पन्नास, वीस, सात. गेल्या महिन्यात तर केक कापला, त्यावर क्रीमनं नव्व्याण्णव टक्के लिहिलेलं. ओव्हाळांनीही खाल्ला. पोरं तयार झाली, असं त्यांना मनापासून वाटलं होतं.

ते माहेनूरच्या टेबलापाशी थांबले. माहेनूर बावीस वर्षांची, बिबवेवाडीतून दोन बस बदलून यायची. मजल्यावर तिच्याइतका झपाटा कुणाचा नव्हता. फोटोच्या नोंदीत तिचं आणि शेजारच्या रोहनचं लॉगिन होतं.

"हा फोटो तुझ्याकडे आला होता?"

तिनं डोकावून पाहिलं. "हो सर. मी आणि रोहननं केलाय. मॅच झाला होता."

"आकडा दिसला तुला?"

"नाही ना सर. ब्लर आहे."

"मग पंधरा कसं लिहिलंस?"

माहेनूर खरोखरच गोंधळली. आपल्याला काहीतरी सोपं विचारलं जातंय आणि तरीही आपण चुकतोय, असं काहीसं तिच्या तोंडावर दिसलं. "सर, दिसला नाही तर पंधराच टाकतो ना आपण?"

"आपण?"

तिनं कीबोर्ड उचलला. खाली प्लास्टिकमध्ये मढवलेली कागदाची पट्टी चिकटवलेली होती. दिसत नसेल तर १५. ओव्हाळांनी रोहनचा कीबोर्ड उचलला. तिथेही. पलीकडच्या दोन टेबलांवरही. छान कापून, कडा गोल करून, सुबक लॅमिनेशन. हात धुवायला वेळ नाही, पण याला होता.

"ही अक्कल कुणाची?"

"सर, तुम्हीच सांगितलं होतं," माहेनूर हळूच म्हणाली. "पहिल्या दिवशी. दहातले सात पंधराच असतात म्हणून."

ओव्हाळांना ते आठवलं. म्हणाले होते खरे. पहिल्या दिवशी पोरं बिचकून बसली होती, म्हणून चहाच्या वेळी त्यांनी गंमत केली होती. घाबरू नका, दहातले सात पंधराच निघतात, उरलेल्या तिनांसाठी मला आणलंय. सगळे हसले होते. आणि त्या हसण्यातून या लोकांनी नियम काढला.

"दिसत नाही, असं लिहायचा पर्याय आहे ना फॉर्ममध्ये?"

"अननोन टाकलं की लाल होतं सर," रोहन म्हणाला. "दिवसात तीन लाल झाले की रेटिंग जातं. सगळ्यांनी पंधरा टाकलं की मॅच होतं. मग तुम्हालाही त्रास नाही."

"माझा त्रास वाचवलात होय? उपकार झाले."

रोहनला ते आभार वाटले की काय कोण जाणे, तो हसला. यातल्या एकाही पोराच्या मनात पाप नव्हतं, आणि त्याचीच ओव्हाळांना जास्त किळस आली. चोरी करताना माणूस निदान इकडेतिकडे बघतो. यांनी पट्ट्या चिकटवल्या होत्या.

दुपारपर्यंत त्यांनी चेतनकडून आकडा काढून घेतला. क्लायंटच्या करारात प्रत्येक नोंद जाणकारानं तपासलेली हवी, असं होतं. म्हणून नोंद हिरवी झाली की सिस्टीम आपोआप खाली आर. ओव्हाळ छापायची. अशा नोंदी अकरा हजार सहाशे. त्यातला एकही फोटो ओव्हाळांच्या डोळ्यांखालून गेलेला नव्हता.

कारखान्यात तपासनिसाला एक पोलादी ठसा मिळायचा, त्यावर त्याचा नंबर. तपासलेल्या मालावर तो ठोकायचा. ठसा दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही, टेबलावर सोडून उठायचं नाही. लघवीला गेलं तरी खिशात. ओव्हाळांचा बाप पगारपत्रकावर अंगठा उठवायचा, त्यामुळे पोराच्या नंबरचा ठसा निघाला त्या दिवशी त्यानं तो तळहातावर घेऊन कितीतरी वेळ पाहिला होता. रिटायर होताना त्या ठशाचं तोंड तुमच्यासमोर ग्राइंडरवर घासून सपाट करतात. ओव्हाळांनी ते उभं राहून पाहिलं होतं आणि त्यांना सुटल्यासारखं वाटलं होतं. यापुढे आपल्या नावानं कुणी काही ठोकू शकणार नाही.

आणि इथे अकरा हजार सहाशे वेळा ठोकलं होतं. विचारलंसुद्धा नव्हतं.

ते पुन्हा चेतनच्या केबिनमध्ये गेले. याही वेळी बसले नाहीत.

"जे फोटो मी बघितलेले नाहीत, त्यांवरनं माझं नाव काढायचं. सगळ्याच्या सगळ्यांवरनं. नाहीतर हा पट्टा घ्या आणि मला मोकळं करा."

चेतननं श्वास रोखून धरला होता, तो सोडला. "एवढंच ना सर? मला वाटलं, सगळं काम पुन्हा करायला सांगताय."

तेच तर सांगायला हवं होतं. शब्द अगदी ओव्हाळांच्या जिभेवर होते. पण चेतन लगेच फोनवर कुणालातरी स्क्रिप्ट चालवायला सांगू लागला, संध्याकाळपर्यंत होऊन जाईल म्हणाला आणि वर, सर, तुम्ही बोललात ते बरं झालं, मनात ठेवायचं नाही, असंही म्हणाला. ओव्हाळांनी पट्टा पुन्हा गळ्यात नीट केला. मागितलं ते मिळालं होतं. आता उगाच आणखी काय ताणायचं?

घरी आले तेव्हा त्यांच्या पत्नी चंपाबाई भाकऱ्या थापत होत्या. ओव्हाळांनी पाटावर बसून सगळं सांगितलं. पट्ट्या, केक, ब्रँट, ठसा. सांगता सांगता त्यांचा आवाज चढला. "नालायक आहेत सगळे. एकेकाच्या कानाखाली काढावीशी वाटत होती. पण नाव काढायला लावलं मी. एका दिवसात."

चंपाबाईंनी भाकरी उलटली. "मग आता तिथे पंधराच आहे का?"

"असेल. पण माझं नाव नाही."

"बरं झालं. तुमचं निभावलं," चंपाबाई म्हणाल्या आणि ताटात ठेचा वाढला.

ओव्हाळांना ते लागलं. पण आपण जे केलं ते बरोबर केलं, असं म्हणत त्यांनी भाकरी मोडली. दुसऱ्या दिवशी याहूवर ब्रँटचा मेल आला. चिखल लांबून पाण्यानं धुतला, सतरा होता, शेजारी पन्नास. आता लांबूनच काय ते करू. मी तुमचा ऋणी आहे. यापुढे माझी माणसं तपासणाऱ्याचं नाव वाचल्याशिवाय कशाला हात लावणार नाहीत. ओव्हाळांनी तो मेल तीनदा वाचला. चंपाबाईंनाही वाचून दाखवला, मराठी करून. त्या रात्री त्यांना छान झोप लागली.

सोमवारी ऑफिसात शिरले तर माहेनूर पेढ्यांचा खोका घेऊन दारातच उभी. नवा, मोरपिशी ड्रेस.

"सर, पेढा घ्या. पहिला तुम्हाला द्यायचा म्हणून थांबलेय."

"काय विशेष? लग्नबिग्न ठरलं की काय?"

"काहीतरीच काय सर!" ती लाजून हसली. "व्हेरिफायर झाले मी. चेतन सरांनी शुक्रवारी सांगितलं. रेकॉर्डवर आता माझं नाव येतं. अब्बांनी तर प्रिंट काढून दुकानात लावलीय. गाडीला सीट कव्हर घालायला आलेल्या प्रत्येक माणसाला दाखवतात. माझी मुलगी परदेशातले बॉम्ब तपासते म्हणून."

ओव्हाळांनी पेढा तोंडात घातलेला होता. तो तसाच टाळूला चिकटला.

"कुठल्या रेकॉर्डवर?"

"सगळ्या. जुन्यांवरसुद्धा. तुम्हाला लोड होत होता ना, म्हणून तुम्ही सोडलेत. अकरा हजार सहाशे."

ते आपल्या टेबलाकडे गेले. माहेनूर मागोमाग आली. खोका तिनं रोहनच्या हातात दिला, तू वाट पुढे, म्हणाली. ओव्हाळांनी एक नोंद उघडली. पंधरा. तपासणारा, एम. शेख. दुसरी उघडली. पंधरा. एम. शेख. फोटोत आकडा तर सोडाच, फ्यूजचं तोंडही धुक्यातल्यासारखं पुसट. तिसरी. चौथी. त्यांना ब्रँटचं वाक्य आठवलं, नाव वाचल्याशिवाय कशाला हात लावणार नाहीत. म्हणजे आता हिचं नाव वाचतील आणि हात लावतील.

त्यांना स्वतःचीच शिसारी आली. पोरांची आली होती त्याहून कितीतरी जास्त. पोरांना ठाऊक नव्हतं.

"बस," ते म्हणाले.

माहेनूर शेजारची खुर्ची ओढून बसली. अजून हसतच होती. ओव्हाळांनी खाणीतला फोटो काढला, ब्रँटचे दोन्ही मेल काढले आणि तिला वाचायला लावले. ती भराभर वाचायची, इंग्रजी तिचं चांगलं होतं. दुसऱ्या मेलपाशी मात्र तिचा वेग कमी झाला. सतरा म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं. पन्नास कुणासाठी असतो तेही सांगितलं.

"हा माणूस वाचला, कारण त्यानं विचारलं," ओव्हाळ म्हणाले. "सगळे विचारत नाहीत."

माहेनूरनं मॉनिटरवर सगळ्यात खाली बोट ठेवलं, आपल्या नावावर. "आणि आता हे माझ्या नावावर?"

"हो."

"गेल्या आठवड्यात हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"हे सगळं चुकीचं असेल, हे माहीत होतं. आणि तुम्ही फक्त तुमचं नाव काढून घेतलंत?"

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर ओव्हाळांना बरं वाटलं असतं. त्यांनी मान खाली घातली आणि पुन्हा हो म्हणाले.

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "मग माझंही काढायला सांगा ना सर. तुमचं काढलं तसं."

"काढतील की. एका दुपारचं काम. रोहनचं लावतील."

रोहन तिसऱ्या रांगेत खोका पुढे करत होता. कुणीतरी दोन पेढे उचलले, त्यावरून हशा झाला. माहेनूरनं तिकडे पाहिलं आणि ओढणीचं टोक सोडून दिलं.

"ब्रँटला लिहायला हवं होतं मी. त्याच दिवशी," ओव्हाळ म्हणाले. "पत्ता होता माझ्याकडे. नाही लिहिलं. आत्ता लिहितो."

त्यांनी याहू उघडलं आणि एका बोटानं अक्षरं शोधू लागले. डियर एवढं झालं, पुढचं अक्षर सापडेना. माहेनूरनं कीबोर्ड आपल्याकडे ओढून घेतला.

"तुम्ही सांगा. मी टाइप करते."

"लिही. या अकरा हजार सहाशे नोंदींवर आधी माझं नाव होतं. त्यातला एकही फोटो मी बघितलेला नाही."

तिनं टाइप केलं. "आता त्यावर माझं नाव आहे. माझं काय लिहू?"

"तू सांग. तू काय केलंस?"

"काही फोटो मी पाहिले, काही बाकीच्यांनी. जिथे दिसलं नाही, तिथे सगळ्यांनी पंधरा टाकलं."

"मग तसंच लिही. आणि पुढे लिही, जिथे पंधरा लिहिलंय, तिथे काहीच लिहिलेलं नाही असं समजा. कुणीही हात लावू नका."

ती लिहीत होती. तिची बोटं नेहमीसारखी वेगात चालत होती, पण शेवटच्या ओळीला थांबली.

"हा गेला की प्रोजेक्ट जाईल ना सर?"

"जाईल बहुतेक."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं. माझंही." ओव्हाळ म्हणाले. "तुझं नाव घालायची गरज नाही. खाली फक्त माझं घाल."

"रेकॉर्डवर कुठे तुमचं आहे?" माहेनूर म्हणाली.

तिनं आधी त्यांचं नाव टाइप केलं. त्याच्याखाली आपलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, माहेनूर अय्युब शेख. मग तिनं सगळा मजकूर वरपासून खालपर्यंत एकदा वाचला आणि ओव्हाळ चष्मा सरळ करून वाचायला पुढे झुकेपर्यंत मेल पाठवूनही दिला. रोहन पेढे वाटत चौथ्या रांगेपर्यंत पोचला होता.